कराचीच्या ताईचं माहेर

मावशी खिडकीशी बसून ब्लेडने लेबल उसवत होती. तान्ह्या नातीचं लोकरीचं झबलं, फिकट पिवळं, आणि मानेच्या आतल्या बाजूला शिवलेली ती बोटभर चिंधी. तिच्यावर उजवीकडून डावीकडे लिहिलेली अक्षरं, खाली इंग्रजीत देशाचं नाव. मावशी एक टाका कापायची, दोरा चिमटीत धरून ओढायची आणि कुठे खूण राहिली का म्हणून झबलं उजेडात धरून बघायची.

मला राहवलं नाही. "मावशी, असू दे की ते. मामाने भाचीला पहिलं झबलं पाठवलं, त्यात चोरी कसली?"

"चोरी नाय गो. पण कराचीच्या कस्टमवाल्याने ते नाव वाचलं की तो माझ्या पोरीला विचारणार, हे कुठून आणलं?"

"मामाने दिलं म्हणून सांगेल."

"आणि मामा राहतो कुठे?"

मामा जिथे राहत होता तो देश पाकिस्तान सरकारच्या लेखी जगात नव्हताच. नसलेल्या देशातून झबलं येतं कसं, असं विचारलं असतं तर त्या कस्टमवाल्याचं तरी काय चुकलं असतं?

मावशी आमची शेजारीण. करी रोडच्या चाळीत भिंतीला भिंत. जातीने बेने इस्रायल, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले मराठी यहुदी. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणतात, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. नवरा गिरणीत सुतार होता, तो वारला. दाराच्या चौकटीला त्यांच्या प्रार्थनेची चिठ्ठी घातलेली एक लहानशी तिरकी डबी ठोकलेली होती, बाहेर पडताना मावशी तिला बोटं लावून ओठांना लावायची. शनिवारी चूल पेटवायची नाही आणि कोलंबी घरात आणायची नाही. बाकी नऊवारी, लग्नात मंगळसूत्र, बांगड्याचं कालवण, सगळं आमच्यासारखंच. माझी आई मी चौथीत असताना गेली. त्यानंतर माझ्या डोक्याला तेल लावलं ते मावशीने, आणि वेणी ओढून ओढून रडवलं तेही तिनेच.

तिला दोन मुलं. ताईला फाळणीच्या आधी कराचीत दिली. तेव्हा कराची परगाव होतं, परदेश नव्हता; बोट धरली की पोचलात. तिथे यांच्यातली बरीच मराठी घरं होती. दादा मात्र फाळणीनंतर यहुद्यांचा नवा देश झाला तसा तिकडे गेला आणि तिकडेच कारखान्यात लागला. झालं, बहीण-भावांमधली वाट संपली. दादाच्या देशाचा शिक्का पाहिला की कराचीचं पोस्ट पत्र पुढे जाऊ देत नसे. ताईला तिकडे जायचं तर तिच्या पासपोर्टावर जाता येत नव्हतं. आमच्या सरकारने त्या देशाला मान्यता दिली होती, पण तीसुद्धा उंबऱ्यावर उभं करून. मुंबईत त्यांची एक कचेरी, दिल्लीत नाव नाही. तरी तेवढ्यावर मावशीचं भागत होतं. दादाचं पत्र मुंबईला यायचं, मावशी त्यातली खुशाली सांगायची आणि मी ती कोऱ्या कागदावर ताईला लिहायची. देशाचं नाव कधी लिहायचं नाही. "तिकडे थंडी फार आहे. तिकडे संत्री स्वस्त आहेत." ताईची खुशाली तशीच उलटी. दोन्हीकडून कुणी येऊ शकेल अशी एकच जागा होती आणि ती म्हणजे आमच्या शेजारची दहा बाय बाराची खोली.

मी तेव्हा विशीत होते. दिवसा शाळेत शिकवायची, संध्याकाळी समितीची पत्रकं लिहायची आणि खळ शिजवून ती गिरण्यांच्या भिंतींना चिकटवायची. मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य, हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. बेळगाव, कारवार, निपाणी तोंडपाठ. आणि रात्री जेवायला बसले की भिंतीपलीकडे एक मराठी कुटुंब तीन देशांत तुटलेलं. त्यावर पत्रक कुणी काढावं? मी एकदा समितीतल्या एकाला म्हटलं, तर म्हणाला, "बाई, आधी मुंबई तर मिळवू या."

मुंबईसाठीच्या मोर्च्यांवर गोळीबार झाला त्याच्या पुढच्या वर्षी दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. मावशीची तिकडे जायची कागदपत्रं आली. दादा तीन वर्षं खटपट करत होता. आणि लगेच कराचीहून पत्र आलं, ताईला दिवस गेले होते. लग्नाला दहा वर्षं उलटल्यावर! मावशीने ऐकलं, कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "बोट राहू दे. पहिलं बाळंतपण माहेरी."

मुलाने बोलावलं असताना तिने थांबावं हे आमच्या बाबांना पटलं नाही. "तिचो झील तिका बोलवता हा. तू मधी कित्याक पडतंस?" असं मलाच सुनावलं. पण मी मध्ये पडलेच. मावशी गेली तर ताईला माहेर राहणार नाही, एवढं मला कळत होतं. आणि खरं सांगायचं तर मावशी गेली तर मलाही राहणार नव्हतं.

ताई सातव्या महिन्यात आली. दहा वर्षांत थोडी जाड झाली होती, मराठीत उर्दू शब्द मिसळायची आणि चाळीतल्या बायका त्यावर हसायच्या. मावशीने नवस फेडला. त्यांच्यात मलिदा करतात: भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि मग त्यांच्या पैगंबराचं नाव घेऊन पुरुष प्रार्थना म्हणतात. नारळ खवायला सगळा मजला होता. प्रसाद वाटताना मावशीने दादाच्या नावचा वाटा बाजूला काढून बाबांच्या हातावर ठेवला. "घ्या, आज तुम्ही माझा मुलगा." बाबा तिच्याहून वयाने मोठे. दोघी मायलेकी पदर तोंडाला लावून हसल्या.

परळच्या सूतिकागृहात मुलगी झाली. व्हिसाची मुदत वाढवून वाढवून किती वाढवणार? ब्लेडने लेबल उसवलं ते ताई निघायच्या आदल्या दिवशी. मावशीने झबलं ताईच्या मांडीवर टाकलं. ताई म्हणाली, "आई, आता तू दादाकडे जा."

"आणि पुढच्या खेपेला तू कुठे यायचंस?"

"पुढची खेप! दहा वर्षांनी ही एक झाली, तर हिला लगेच पुढची दिसायला लागली."

"हसू नको. लेक काय नुसती बाळंत व्हायला माहेरी येते? नवऱ्याशी भांडून यायला पण जागा लागते."

"त्याच्याशी भांडायचं, मग व्हिसा मागायचा. व्हिसा मिळेस्तोवर भांडण मिटतं गं. सरकारने आमचा संसार टिकवलाय."

मला हसू येईना. मी पत्रकातल्यासारखी सुरू झाले. कुणी कुठे जायचं नाही, दोन सरकारं रुसून बसली म्हणून मायलेकींनी का तुटायचं, मावशी इथेच राहील, मुंबई आपली आहे.

ताईने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "तुझं खरं आहे. पण आई खालच्या नळावरून हंडा चढवते ना, तिसऱ्या जिन्यावर बसून दम खाते. मी पाहिलंय. मी तिला कराचीला नेऊ शकत नाही, ती आली तरी परत दादाला भेटायची नाही. दादा नेऊ शकतो. निदान एकाकडे तरी तिला राहू दे."

"मग तू माझ्याकडे येत जा," मी म्हटलं. "हेच तुझं माहेर."

"येईन की," ताई म्हणाली. "तुझ्या हातचं खाऊन मरेन, पण येईन."

मावशीने दोघींकडे पाहिलं. "हिला भातात पाणी किती घालायचं ते तरी शिकवते मग," एवढंच म्हणाली. त्यातच तिचा होकार होता.

पावसाळ्यानंतर मावशी गेली. चौकटीवरची डबी तिने स्वतः काढली. घरात आपल्यातलं कुणी राहणार नसेल तर ठेवत नाहीत म्हणे. खोलीत रत्नागिरीकडचं एक जोडपं आलं, माणसं चांगली आहेत. पण संध्याकाळी खळीचं पातेलं घेऊन परत येताना मी अजून त्या दारापाशी थबकते. आतून "आलीस का गो, हात धू आधी" असं कुणी म्हणत नाही.

पत्रं आता माझ्याकडे येतात. तिकडची खुशाली इकडे, इकडची तिकडे. मागल्या वर्षी ताईने लिहिलं की मुलगी बोलायला लागली, तिला माझं माहेर दाखवायचंय. मी लगेच आपल्या सरकारच्या व्हिसा कचेरीत अर्ज भरायला गेले. कुणाकडे उतरणार? माझ्याकडे. नातं? मी लिहिलं, बहीण. खिडकीतल्या गृहस्थांनी दोन्ही नावं वाचली आणि वर बघितलं.

"बहीण कशी? ह्या ज्यू, तुम्ही हिंदू."

"भिंतीला भिंत होती."

"बाई, भिंत नातं नसते. ह्यांची आई कुठे आहे?"

"तिकडे."

"मग इथे ह्यांचं कुणीच नाही," असं म्हणून त्यांनी अर्ज परत सरकवला. चिडले नव्हते ते. नियम सांगत होते.

यंदा मुंबईसह महाराष्ट्र झाला. लालबागला रोषणाई होती, आमच्या चाळीने गुलाल उधळला, माझा घसा चार दिवस बसला होता. त्या गर्दीत मला सारखं वाटत होतं की मावशीने खिडकीतून डोकावून म्हणावं, पुरे आता, आवाज गेला तर शाळेत काय करशील.

त्याच आठवड्यात तिचं पत्र आलं. अक्षर वाकडं झालंय. ताई येऊन गेली का, नात कुणासारखी दिसते, तिला काय करून घातलंस, भातात पाणी बरोबर पडलं का. एकामागून एक प्रश्न, मध्ये टिंब नाही.

मी उत्तर लिहिलं. मावशी, ताई आली नाही, तिला येऊ दिलं नाही. मी अर्ज पुन्हा भरतेय. नात्याच्या जागी तेच लिहिलंय.