रसाची पंगत आणि माझे ड्रम

आमच्या कॉलनीत बारसं असू दे नायतर साखरपुडा, तारीख काढताना पहिला सवाल एकच असतो: त्या दिवशी नळाला पाणी आहे का? आमच्या शहरात नळ रोज येत नाही. मधे कित्येक दिवस जातात, उन्हाळ्यात जरा जास्तच. त्यामुळं आम्हा बायकांचा आठवडा पाण्यावर चालतो. पाण्याचा दिवस, पाण्याचा दुसरा दिवस, आणि मग ड्रमात वाकून बघायचे दिवस.

तर यंदा मे संपत आला तेव्हा पुढच्या गल्लीतल्या सुनांनी एक बेत काढला. सुट्टीला आलेली नातवंडं आता आपापल्या गावी परत जाणार, त्याच्या आधी एका रविवारी संध्याकाळी सगळ्या कॉलनीनं मिळून रसाची पंगत करायची. मारुतीच्या देवळामागं मोकळी जागा आहे, लिंबाची सावली आहे. प्रत्येक घरानं आपले आंबे आणायचे, कुणी केशर, कुणी बदाम, कुणी शेतातला गावरान, आणि सगळे एकाच पातेल्यात पिळायचे. पिळायचे कुणी? पोरांनी! आधी पोत्यांची शर्यत, लिंबू-चमचा, मग आंबे. पोळ्या आणि कुरडया घराघरातून. शनिवारी पाण्याचा दिवस होता, म्हणून रविवार धरला. लई विचार करून धरला हो.

माझी नात पुण्याहून आली होती, तिसरीतून चौथीत गेलेली. तिचा तर पाय जमिनीला लागेना.

"आजी, तू कुठली साडी नेसणार?"

"कुठलीच नाय. तू जा, मी येत नाय."

कारण सांगते. आमची गल्ली मागची. पाणी आधी पुढच्या गल्लीला येतं आणि कोपऱ्यावरच्या घरापासून वळून मग आमच्याकडं. त्या कोपऱ्यावरच्या घरात माझी मैत्रीण राहते. आम्ही दोघी या कॉलनीत एकदमच आलो, एकमेकींच्या नव्या भिंतींवर पाणी मारलं. मी तिला वैनी म्हणते, ती मला आक्का. औरंगपुऱ्यात काही आणायचं असलं तर दोघी एका रिक्षात, आणि संध्याकाळचं फिरणं तर ठरलेलंच. दिवाळीनंतर तिच्या मुलानं नळाच्या लाईनीलाच मोटार लावली. पाणी आलं की तिकडं घुर्र सुरू व्हायचं आणि इकडं माझी धार करंगळीएवढी व्हायची. मी सांगायला गेले. तिची सून म्हणाली, "मावशी, सगळेच लावतात." वैनी तिथंच मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

सुनेचं मला काही वाटलं नाही. तिला मी किती ओळखते? पण वैनीची ती खाली घातलेली मान मला लागली. तेव्हापासून फिरणं बंद, रिक्षा बंद, बोलणं बंद. मी ड्रम वाढवले. बारीक तर बारीक, धार आहे तोवर भरत राहायचं. न्हाणीत ड्रम, जिन्याखाली ड्रम, आणि एक तर बैठकीत. त्याच्यावर चादर टाकून वर उशा ठेवल्या, आलेल्या माणसाला काहीतरी फर्निचर वाटावं म्हणून.

"आजी, तुझी आणि कोपऱ्यावरच्या आजीची कट्टी आहे का?" नातीनं विचारलं.

"मोठ्या माणसांत कट्टी नसते."

"मग काय असतं?"

मी म्हटलं, "पोळी खा."

आणि शनिवारी पाणी आलंच नाही. पैठणकडून येणारी मोठी लाईन कुठंतरी फुटली. कधी जोडली जाईल कुणाला माहीत नाही. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळपासून नुसता गोंधळ. पंगत पुढं ढकला म्हणावं, तर आंबे थोडेच थांबतात? पिकायला घातलेल्या अढ्या उघडल्या होत्या, गल्लीभर वास सुटला होता, आणि निम्मी पोरं सोमवारी गाडीत बसणार होती. शेवटी सुनांनी ठरवलं की करायचंच. प्यायला पाण्याचे जार मागवले, ताटं-वाट्या नकोत म्हणून पत्रावळ्या आणि द्रोण आणले. घासायचं काही नाही, मग पाणी लागतंय कशाला? एवढ्या संसारी बाया, पण रस पिळल्यावर हात धुवायचे असतात हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी नात नवा फ्रॉक घालून गेली. मी ओट्यावर बसून राहिले. शर्यतीच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग आरडाओरडा थोडा कमी झाला, तेव्हा ओळखलं की पोरं आंबे घोळायला बसली. आंबा हातात घोळून घोळून मऊ करायचा असतो, त्यात पोरं गुंग होतात. या कॉलनीत त्यातली उस्ताद म्हणजे वैनी. सालीला एक थेंब ठेवायची नाही ती. मी ओट्यावर बसून कान तिकडं आणि तोंड इकडं, अशी.

मग एकदम कालवा उठला. काय झालं ते नंतर कळलं. पिळायच्या आधी हात धुण्यातच एक जार संपला होता. राहिलेलं पाणी प्यायलाच पुरेल की नाही अशी गत. देवळाचा नळ कोरडा, घरोघरच्या टाक्या तळाला गेलेल्या. पोरांच्या कोपरापर्यंत रस, केसात रस, मुंग्या लागायला लागल्या, एकानं कुणाच्या तरी नव्या स्कूटीच्या सीटला दोन्ही हात पुसले. आणि तेवढ्यात आमच्या बाईसाहेब ओरडल्या, "माझ्या आजीकडं ड्रम आहेत! एकाला तर उशा पण लावल्यात!"

झालं. सगळी वरात माझ्या गेटाशी. कशाला हात लागू नये म्हणून सगळ्यांनी हात वर धरलेले, जणू पोलिसांनी पकडून आणलेत.

"आजी, गेट उघड ना, आम्हाला हात लावता येत नाय!"

खरं सांगू? गेट उघडायच्या आधी मी थांबले. पाणी परत कधी येणार याचा पत्ता नव्हता. आणि निम्मी पोरं मोटारवाल्या घरांची. मागून वैनीची सून आली, हात तिचेही बरबटलेले. मला राहवलं नाही.

"काय गं, आज मोटार लावली नाय का?"

ती लाल झाली. मग म्हणाली, "मावशी, मोटार आहे, पण पाणीच नाय." आणि तिलाच हसू फुटलं. मागच्या बायका हसल्या. मीही गेट उघडताना तोंड फिरवून घेतलं, दिसू नये म्हणून.

मोगऱ्याच्या आळ्याजवळ ओळीनं उभं केलं सगळ्यांना. मोगरा तरी पाणी पिईल म्हटलं. मी तांब्यानं एकेकाच्या हातावर पाणी घालत गेले. "चोळ नीट. कोपर दाखव. अरे, कानात कसा गेला रस?" बैठकीतल्या ड्रमवरची चादर काढली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यात शेवटी वैनी आली. पातेल्यावर तीच बसली होती, त्यामुळं हात पार दंडापर्यंत माखलेले. पदर खांद्यावरून निसटत होता आणि हात लावता येईना, म्हणून हनुवटीनं दाबून धरलेला. तशीच उभी राहिली.

मग म्हणाली, "खोच गं जरा."

मी तांब्या खाली ठेवला आणि तिचा पदर कमरेला नीट खोचला. मग पाणी घालायला लागले.

"बारीक धार सोड, आक्का. संपेल."

"मला बारीक धारेचीच सवय आहे."

ती हात चोळत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी मान वर केली नाय."

"बघितलं मी."

"घर आता त्यांचं चालतं गं. त्या वेळी तुझ्या बाजूनं बोलले असते तर माझं घरात बसणं मुश्किल झालं असतं."

"मग दुसऱ्या दिवशी यायचं. मला एकटीला सांगायचं."

"तू दार लावून घेतलं होतंस."

"नुसतं लोटलेलं होतं. कडी तरी लावली होती का?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. तिच्या भुवईवर रस वाळला होता. मी ओल्या हातानं पुसला.

"बरं चल आता," ती म्हणाली. "तिकडं सुना रसात साखर ओतायला निघाल्यात."

"साखर? गावरान आंब्याच्या रसात?"

"म्हणून तर म्हणते, चल!"

मग काय, मी आहे त्याच साडीवर निघाले. पातेल्याशी जाऊन मिरपूड आणि तुपाचा ताबा घेतला. सगळ्या घरांचे आंबे एकत्र पिळलेले, त्यामुळं रसाची चव कुठल्याच एका आंब्याची नव्हती. आंबट-गोड, जरा धाग्याची. नातीनं तीन द्रोण रिचवले आणि वैनीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

सोमवारी नात गेली. ड्रम जवळजवळ रिकामे झाले होते आणि मी दोन दिवस तांब्यातांब्यानं काढले. कुरकुर केली, नाय असं नाय. मग एका दुपारी नळात हवा फुसफुसली. मी सवयीनं कोपऱ्याकडं कान लावला. घुर्र काही ऐकू येईना. इकडं धार मात्र मनगटाएवढी, बादली बघता बघता भरली. मला वाटलं वीज गेली असेल. पंखा तर फिरत होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"आक्का, भरलं का?"

"एक ड्रम राहिलाय."

"कुठला, उशावाला का?"

"हो, तोच."

"मग आटप. सून बटनावर बोट ठेवून बसलीय. पहिली भर तुमच्या गल्लीची असं मी बोललेय, पण तिचा दम किती टिकेल सांगता येत नाय. झालं की मिसकॉल दे."

ड्रम काठोकाठ भरला, मिसकॉल दिला. कोपऱ्यावर घुर्र सुरू झालं आणि माझी धार बारीक झाली. मी ड्रमवर चादर घातली, उशा ठेवल्या आणि चपला शोधायला लागले, कारण फिरायची वेळ होत आली होती.