मिनोबे सरदारांची तीन डोकी

लढाई संपली की ओत्सुमाचं काम सुरू व्हायचं. कुरोइवा सरदारांचे शिपाई शत्रूची डोकी आणून टाकायचे. ती कोमट पाण्याने धुवायची, केस विंचरायची, गालांना पावडर लावायची. बडी माणसं दात काळे करत, म्हणून काळ्या दातांच्या डोक्याला बक्षीसही मोठं. मग एखादा शिपाई तिच्याजवळ सरकून हळूच म्हणे, "मावशी, ह्याच्या दातांना जरा काळं दातवण लाव की. जिता असताना बिचाऱ्याचं काही झालं नाही, आता तरी मोठा होऊ दे."

ओत्सुमा मऊ मनाची. लावून द्यायची.

एका लढाईनंतर तिने असे तीन बिचारे मोठे केले, आणि तिन्ही शिपायांनी आपापलं डोकं शत्रूच्या मिनोबे सरदारांचं म्हणून पुढे केलं. कुरोइवांनी तिन्ही न्याहाळली. एकाला खोटं म्हणावं तर शूर माणसाचा अपमान. त्यांनी तिघांनाही जमिनी दिल्या आणि तीन गावांत तीन थडगी बांधली.

मग एका सकाळी मिनोबे स्वतः शरण आले.

ओत्सुमाला बोलावणं आलं. हा माणूस खरा ठरला, तर पुढचं डोकं तिचंच, आणि ते धुवायलाही कुणी नव्हतं.

"ओळख," कुरोइवा म्हणाले.

तिने मिनोबेंना तोंड उघडायला लावलं. शेतकऱ्याच्या वेशात पळताना मिनोबेंनी राखेने घासून दात पांढरे केले होते.

"हे ते नव्हेत, धनी. मिनोबेंचे दात काळेभोर होते. तिन्ही वेळा मी स्वतः पाहिलेत."

कुरोइवांचा जीव भांड्यात पडला. मीच मिनोबे, असं पाहुणे सांगत राहिले. "त्यांचे अंत्यविधी आम्ही केले," कुरोइवा समजुतीने म्हणाले. "तेव्हा आपण यायला हवं होतं."

एकाच शत्रूला तीनदा मारणारा सरदार म्हणून कुरोइवांचं नाव दूरवर गाजलं. मिनोबेंना जायला जागा नव्हती. ओत्सुमाने त्यांच्या हातात डोकी धुवायच्या पाण्याची बादली दिली. दर शरदात ते तिन्ही थडग्यांवरचे नैवेद्याच्या भाताचे गोळे गोळा करून आणत, आणि दोघं ते खात बसत.

एकदा त्यांनी दातवणाची वाटी मागितली. ओत्सुमाने ती उचलून उंच फळीवर ठेवली.

"राहू द्या," ती म्हणाली. "ते लावलंत की तुम्ही जिवंत व्हाल, आणि मी मेले."