चंपतचा दुसरा हात

खुर्सीपार वस्तीतल्या चंपतचे डोळे त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात बाहेर यायला लागले. आधी पापण्या जड झाल्या, मग बुबुळाभोवतीचं पांढरं उघडं पडलं. झोपेतही डोळे पुरते मिटत नसत. बायको शेवंता त्यांवर ओला फडका ठेवी. साधं पाहिलं तरी समोरच्याला वाटे, हा आपल्यावर खवळला.

दोष सगळ्यांनी भट्टीला दिला. पोलादाच्या कारखान्यात चंपतची जवानी भट्टीसमोर गेली होती. वितळलेल्या पोलादाची भलीमोठी बादली क्रेन उचलायची, आणि चंपत खाली उभा राहून दोन्ही हातांच्या खुणांनी तिला वाट दाखवायचा. भट्टीवाल्यांची समजूत एकच : डोळ्याला जे होतं ते आचेनं होतं. म्हणून चंपतनं रजा टाकली, सावलीत बसला, आणि करमेना तशी बिडीवर बिडी ओढत राहिला. आच सुटली, पण डोळे आणखीच सुजून लाल झाले.

"आता घरात कोणती भट्टी पेटली हाय?" शेवंता म्हणाली, अन् त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा गळा चाचपला, हातांची थरथर पाहिली.

"हे भट्टीचं नाही, चंपतराव. गळ्यात थायरॉइडची ग्रंथी असते. तुमचंच रक्त तिला डिवचतंय, आणि डोळ्यामागच्या मांसालाही. लेकराच्या अंगाला 'वाढ' म्हणून सांगणारे पदार्थ रक्तात असतात ना, तसलाच निरोप तिथं चुकून पोचत असावा. पेशी फुगतात, पाणी धरतात, एक सूज दुसरीला बोलावते. भोवती हाडाची खोबण, जागा कुठली? डोळा पुढं ढकलला जातो. पुरता उलगडा अजून कुणालाच झालेला नाही. पण बिडीचा धूर ही सूज भडकवतो, हे नक्की."

"अन् नजर?"

"मागची नस दाबली गेली तर जाऊ शकते. एकाचे दोन दिसतात का?"

"नाही जी," चंपत म्हणाला.

दिसत होते. पण खरं सांगितलं तर क्रेनखालची जागा जाणार होती, आणि त्या जागेवाचून आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. गोळ्या घेऊन, शेवंतापासून बिडी लपवून तो कामावर परतला.

त्या दिवशी बादली भरून तयार होती. वरून क्रेनचे दोन लोखंडी आकडे उतरले आणि चंपतला चार दिसले. एक डोळा मिटावा, तर पापणी मिटत नव्हती. त्यानं तळव्यानं डोळा झाकला आणि उरलेल्या हातानं खूण केली.

आकडे जागीच थांबले. क्रेनवाला बाबुलाल, गोंदियाकडचा, त्याचा जुना दोस्त, शिडीनं खाली आला.

"कावून रे, दुसरा हात घरी ठेवून आला का?"

"डोळ्यात कचरा गेला."

बाबुलालनं रोजच्यासारखी बिडी पुढं केली. डोळ्यावरचा तळवा काढून चंपतनं हात लांब केला. बोटं बिडीच्या बाजूला, हवेतच मिटली. बाबुलाल त्याच्याकडं पाहतच राहिला.

"वरून मले तुहं तोंड दिसत नाही, चंपत. फक्त हात दिसतात. त्या हातांवर भरवसा ठेवून मी बादली सोडतो. खाली माणसं असतात."

"मले काढून टाकतील, बाबुलाल."

"अन् कुणावर सांडलं तं? तेव्हा काय करशील?"

चंपतनं हातमोजे काढले, पाळीतल्या दुसऱ्या माणसाकडं दिले, आणि फोरमनला आपणच सांगून टाकलं. मागं क्रेन घरघरली. आकडे दुसऱ्याच्या हातांवर उतरू लागले. त्यानं वळून पाहिलं नाही.

फाटकाबाहेर पडून तो दवाखान्याकडं निघाला. बाईंना खरं सांगायचं होतं. रस्ते दोन दिसत होते. एका तळव्यानं डोळा झाकून तो चालला, आणि दुसरा हात, ज्याला आता काही काम उरलं नव्हतं, बाजूला नुसता लोंबत राहिला.