पडद्यामागनं दिसलेली पाठ

पौडला सिनेमाचा तंबू आला तवा मी पयल्या दिवशी गेलो, दुसऱ्या दिवशी बी गेलो, आणि तवापासनं हे कुणाला तरी सांगायचंच म्हणून नुसता तडफडतोय. धरणाच्या कामावर लई माणूस जमलेलं, त्या आशेनं तंबूवाला आमच्या भागात आला. आणि चित्र आणलं कुणाचं, तर आमच्याच घाटातल्या खुन्याचं. कोकणात उतरणाऱ्या वाटसरांच्या जोडीनं तो चालायचा, गोड बोलायचा, आणि पुढं सामसूम जागी मारून दरीत ढकलायचा. त्याला फाशी होऊन फार काळ झाला न्हवता.

आमच्या रानात तवा धनगराची मेंढरं बसवलेली, लेंड्यांचं खत पडावं म्हणून. त्या कळपाच्या मालकिणीला मी मावशी म्हणायचो. तिचा एकुलता एक ल्योक घोंगड्या विकायला घाट उतरला तो त्याच खुन्याच्या हाती लागला. खुनी धरला तवा त्याच्याकडं एक घोंगडी सापडली. मावशीनं सूत ओळखलं, तिनंच कातलेलं. ल्योकाचं तेवढंच परत आलं.

तंबूची बातमी लागली तशी ती मेंढरं सोडून आमच्या दारात आली.

"पोरा, त्यानं ज्यांना मारलं ती माणसं बी दावत्यात का रं त्या चित्रात?"

"दावत्यात म्हणं."

"मग माझा बी आसंल. नुसता चालताना दिसला तरी बास."

सिनेमा म्हंजी खरोखरीच्या माणसांचा हालता फोटू, असंच मला बी वाटायचं.

तंबूत गडी पडद्याच्या पुढं आणि बायामाणसं मागं, असं बसवलेलं. पडदा म्हंजी पांढरं कापड. खेळाच्या आधी दोन माणसांनी त्याच्यावर पाणी मारलं, म्हंजी चित्र पलीकडनं बी दिसतं. ओल्या कापडाचा वास, कंदिलाचा वास, पेटीचा सूर, आणि मग एकदम कापडावर आमचा घाट उभा राहिला. उजेडाचा घाट. त्यातलं धुकं बी हालत व्हतं. मला वाटलं मी झोपलोय आणि सगळा तंबू माझ्या सपनात आलाय.

मग खुनी आला. काय सांगू, हे एवढाल्या मिशा, काजळ घातलेलं डोळं, आणि एक पाय वडत चालायचा, उजवा. तो दिसला की पेटीवाला खालचे सूर दाबायचा. मधीमधी पाट्या यायच्या, त्या मी शेजारच्यांना वाचून दावत व्हतो. नराधम, काळपुरुष, असलं मोठंमोठं लिवलेलं. माझ्या शेजारी आमचा चुलता. त्यानं खरा खुनी बघितलेला, त्याच्यासंगं तंबाखू खाल्लेली.

"ह्यो कोण?" चुलता म्हणाला.

"खुनी."

"ह्याट. त्यो येवढासा व्हता, बारीक. सारखा हसायचा. आन् लंगडा कुटला? तरातरा चालायचा. ह्याला बघून कोण त्याच्यासंगं वाटंला लागंल?"

"गप रं, बघू दे," मागनं कुणीतरी वरडलं.

आणि मारलेली माणसं? ती यायची आणि पडायची. कुणाचं नीट तोंड सुदिक दावलं न्हाई. माझं सगळं ध्यान त्यांच्याकडं, आणि सगळ्या चित्राचं ध्यान त्या मिशीवाल्याकडं. एकाच्या बी खांद्यावर घोंगडी न्हवती. आता मावशीला काय सांगायचं?

पण बाहीर आलो तर मावशी चांदण्यात उभी, आणि तोंडावर असं काय की मी तिला तसं कधी बघितलंच न्हवतं.

"दिसला," ती म्हणाली.

"कुटं?"

"त्यो न्हाई का, घाट चढत जातो. पाठमोरा. डावा पाय वडत. तोंडानं त्यो न्हवं. त्ये तोंड कुणाचं का आसंना. पाठीनं त्योच. लहानपणी डाव्या पायावर धोंडा पडलेला माझ्या लेकराच्या. जलमभर म्होरं त्यो, मधी मेंढरं, मागं मी. पाठ चुकंल व्हय मला?"

तेवढ्यात मला उमगलं. पलीकडनं बघितलं की उजवा पाय डावा दिसतो. ही बसली पडद्यामागं. खुनी वाईट दिसावा म्हणून नटाला लंगडं केलं, आणि ते लंगडणं पडद्यामागं जाऊन हिचा ल्योक झालं.

मी तिला एवढंच विचारलं, "उद्या बी यायचं का?"

दुसऱ्या सांजेला ती परत निघाली. तंबूवाल्याला कुणीतरी सांगितलेलं, मेलेल्याची आई आलीया. तो धावतच आला. "मावशी, तुमी आज म्होरं खुर्चीवर बसा. पैसं नगंत. मी समद्यांना सांगतो, ही त्याची आई."

पुढं बसली की तिचा ल्योक गेलाच, दुसऱ्यांदा.

"तिला म्होरला उजेड सोसत न्हाई," मी मधी तोंड घातलं. "डोळं दुखत्यात तिचं."

मावशीनं माझ्याकडं बघितलं, मग तंबूवाल्याकडं. "मला मागंच बरं, बाबा. मी मेंढरांच्या बी मागंच चालते."

आणि मी बी तिच्यासंगं मागं गेलो. बाया कुरकुरल्या. एक म्हणाली, "आलाय बायकांत बसायला. बांगड्या भरायच्या का रं तुला?"

"भरा की," म्हणालो आणि बसलो.

तुमी कधी पडद्यामागनं सिनेमा बघितलाय का? चित्र जरा अंधुक, पाण्याखाली असल्यावानी. आणि पाट्या उलट्या. मला एक अक्षर वाचता येईना. नराधम न्हाई, काळपुरुष न्हाई, कायबी न्हाई. नुसता एक माणूस धुक्यातनं घाट चढत चाललेला, डावा पाय वडत, आमच्याकडं पाठ करून. पुढनं गडी त्याला शिव्या घालत व्हते. इकडं मावशी जिभेनं हळूच चक् चक् करत व्हती, मेंढराला वाटंला लावतात तसं. तो पार वर गेला, बारीक झाला, धुक्यात शिरला.

मावशी उठली. अजून निम्मं चित्र राहिलेलं, त्याला धरायचं, फाशी द्यायचं.

"एवढंच," ती म्हणाली. "म्होरलं मला नगं."

बाहीर चांदणं व्हतं. वाट दोघांना पुरंल एवढी रुंद, पण ती थांबली.

"तू चाल म्होरं," म्हणाली.

मी म्होरं झालो. मागनं तिच्या काठीचा आवाज येत राहिला, आणि घर येईस्तोवर मी मागं वळून बघितलं न्हाई.