मामंजींचा बहिरा आणि आत्याबाईंचा गुणी

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. आमचे हे मुंबईला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते. साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्याने आपला जुना, चावीने चालणारा फोनो आणि गाण्याच्या दोन तबकड्या यांना देऊन टाकल्या. शिमग्याला हे बोटीने दासगावला उतरले, तिथून ते धूड बैलगाडीने पोलादपूरला आणि पुढे डोक्यावरून वाडीत आणलं.

ओटीवर फोनो मांडला. समोर सासरे आणि सासूबाई बसल्या. त्यांना मी मामंजी आणि आत्याबाई म्हणायची.

"गातोय कोण ह्यात?" मामंजींनी विचारलं.

"गात नाय कोण, बाबा. नुसती वाद्यं हायत. पण हे रचणारे दोघं, दोन तबकड्यांचे दोन. कवाच मेले."

मेले म्हटल्यावर आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

पहिली तबकडी दार फोडावं तशी सुरू झाली. मामंजींनी मांडीवर थाप मारली, "मर्द गडी!" दुसरी ताकात रवी फिरवावी तशी हळूहळू चालली. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्यो गुणी हाय गो. घरात आवाज चढवत नसंल."

दुसऱ्या दिवसापासून तंटा. मामंजींच्या मते हिचा माणूस म्हणजे कानाशी डास. आत्याबाईंच्या मते मामंजींचा माणूस आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ताट आपटतो. शेजारीही दोन बाजूंना वाटले गेले. मला तबकडी सुरू होण्याआधीची सुईची खरखर सगळ्यात आवडायची, पण मला कुणी विचारलं नाही.

एकदा बोलता बोलता हे म्हणाले, "साहेब सांगायचा, बाबांचा तो नंतर बहिरा झाला होता."

आत्याबाईंनी टाळीच वाजवली. "बघा! सोताला ऐकाया येत नव्हतं, म्हणून दुसऱ्यांचे कान फोडले!"

दुसऱ्या सकाळी दात घासता घासता मामंजी म्हणाले, "बायकोचं ऐकावं लागलं नसंल, म्हणून तर येवढं रचून झालं."

त्यावर आत्याबाईंनी त्यांना चहा दिला नाही. मग मामंजींनी रागारागाने आपला गडी लावायला चावी फिरवली, फिरवतच राहिले, आणि आत काहीतरी कट्‌कन तुटलं. सुतक पडल्यासारखं घर झालं. सुट्टी संपल्यावर हे नव्या साहेबाकडे कामाला निघाले, तेव्हा फोनो यांच्याबरोबर दुरुस्तीला मुंबईला गेला. तबकड्या आत्याबाईंनी लुगड्यात गुंडाळून ठेवल्या.

पुढच्या शिमग्याला फोनो नीट होऊन आला. सोबत यांनी हौसेने नवी तबकडी आणली होती, एका बाईच्या गाण्याची. आपल्या भाषेतली, सगळं समजेल अशी.

दोघांनी थोडं ऐकलं.

"ही मधीमधी बोलतेय काय सारखी?" आत्याबाई म्हणाल्या.

"वाजवणाऱ्यांना वाजवू देत नाय," मामंजी म्हणाले. "काढ ती. हिचा गुणी लाव आधी."

मी चमकून पाहिलं. आत्याबाई लाजल्याच. "नको, तुमचा बहिरा लावा."

"मी म्हणतो, तुझा लाव!"

"अवो, तुमचा लावा म्हणते ना!"

आवाज चढले. हे दोन्ही हातांत दोन तबकड्या धरून मधे उभे होते. मी उठून भाकऱ्या टाकायला आत गेले.