ठिवलं कुठं, ते सांगा

आबा कुणाच्याही पाठीमागं बोलत नसत. गेलेल्या माणसाबद्दल हे वाक्य कुणीही सहज लिहितो. आबांच्या बाबतीत मात्र ते अक्षरशः खरं होतं आणि त्याचा आम्हा सगळ्यांना भयंकर ताप व्हायचा. अमक्या पोराला संघात घ्यायचं की नाही, तमक्याला पुढं खेळवायचं की मागं, असा विषय निघाला की आबा हात वर करून सगळ्यांना थांबवायचे. कोपऱ्यातली लोखंडी घडीची खुर्ची आणायचे, मधोमध उघडून ठेवायचे आणि त्या पोराला बोलावणं धाडायचे. पोरगं येऊन खुर्चीत बसेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. म्हणून सगळा बारामती तालुका त्यांना ‘खुर्चीवाले आबा’ म्हणायचा. राजकारणातल्या खुर्चीशी त्यांचा संबंध नव्हता, हे बाहेरच्यांना दरवेळी समजावून सांगावं लागे.

आमच्या भागात पोरगं मैदानात उतरलं तर कुस्ती, कबड्डी नाहीतर क्रिकेट. हॉकी म्हटलं की लोक विचारायचे, ती काठी कशाला? आबा मूळचे इंदापूरकडचे. त्यांची थोरली बहीण वालचंदनगरला क्वार्टर्समध्ये राहायची, तिच्याकडं शिकायला राहिले आणि तिथल्या मैदानावर हॉकी शिकले. पुढं पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी लागली. दिवसभर पाण्याच्या पाळ्यांवरून लोकांची भांडणं सोडवायची आणि संध्याकाळी काटेवाडीच्या रस्त्याला मुरमाच्या मैदानावर आम्हा पोरांना खेळ शिकवायचा, असं त्यांनी सगळं आयुष्य काढलं. मी त्यांच्याच हाताखाली खेळलो. नंतर एका दूध डेअरीच्या मालकांनी आमचा क्लब घेऊन त्याचा व्यावसायिक संघ केला, निळं टर्फ अंथरलं, खेळाडूंना पगार सुरू केले. मी त्या संघाचा प्रशिक्षक झालो आणि आबा सल्लागार. टर्फ नवं, ड्रेसिंग रूम नवी, पण खुर्ची तीच राहिली.

त्या खुर्चीचे कायदे होते. जे सांगायचं ते पोराच्या तोंडाकडं बघून सांगायचं. दुसऱ्या कुणाशी तुलना करायची नाही. सगळ्यांचं झालं की शेवटी पोरानं बोलायचं आणि जाताना खुर्ची स्वतः घडी करून भिंतीला लावायची. पण सगळ्यात वाईट कायदा वेगळाच होता. कुणी म्हणालं, “याला फॉरवर्डला ठेवू नका, जमत नाही त्याला,” की आबा विचारायचे, “काढलं ते कळलं. ठिवलं कुठं, ते सांगा.” ज्याला दुसरी जागा सांगता येत नाही, त्याला पहिल्या जागेवरून काढायचा अधिकार नाही, असं त्यांचं म्हणणं. भल्याभल्यांची यात बोबडी वळायची.

मी स्वतः त्या खुर्चीत बसलो तेव्हा मला मिसरूड फुटत होतं आणि मी स्वतःला फार मोठा फॉरवर्ड समजत होतो. आबांनी मला सगळ्यांसमोर बॅकला टाकलं. माझे डोळे भरून आले. आमच्या आजोबांची मेंढरं होती, हे आबांना ठाऊक होतं. ते म्हणाले, “संपत, तुज्या आज्ज्याला जाऊन इचार, कळप समदा कुठनं दिसतो? म्होरनं न्हाय दिसत. मागनं दिसतो. तुला समदं मैदान दिसतंय, लेका, म्हून तुला मागं ठिवतोय. गोल मारनारं कुनीबी गावंल.” मी रागानं दोन दिवस मैदानावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तो बॅक म्हणूनच, आणि शेवटपर्यंत बॅकच राहिलो. आज मी चार पोरांना शिकवून पोट भरतोय ते त्या मागून बघण्याच्या सवयीवर.

एकदा मी धीर करून विचारलं, “आबा, हे खुर्चीचं तुम्हाला सुचलं कुठनं?” आम्ही कालव्याच्या भरावावर बसलो होतो. पाण्याकडं बघत ते म्हणाले, “तरनाताठा हुतो तवा पुन्याला एका मोठ्या संघाच्या निवडीला गेलतो. खेळ चांगला झाला माजा. मग त्येंनी आडनाव इचारलं, भायेर थांब म्हनाले, आन दार लावून घेतलं. लई वेळ झाला. मग शिपाई आला, म्हनला, जावा तुमी. झालं.”

मी म्हणालो, “आडनावामुळंच असणार.”

“तसंबी म्हनता येत न्हाय ना,” आबा म्हणाले. “माजी डावी बाजूबी कच्ची हुती. दोन्हीतलं कुठलं, ते कुनीतरी तोंडावर सांगाय पायजे हुतं. डाव्या बाजूचं आसतं तर सुधारलं आसतं. आडनावाचं आसतं तर भांडलो आसतो. घरी बाप वाट बगत बसला हुता. त्येनं इचारलं काय झालं, तर मला सांगताच येईना.” आबांचे वडील छप्पन साली धम्म घेतलेल्यांपैकी होते, पोराच्या शिक्षणासाठी स्वतःच्या पोटाला चिमटा घेणारे. “मरस्तोवर त्येंनी परत इचारलं न्हाय,” एवढं बोलून आबा उठले आणि सायकलला टांग मारून निघून गेले.

आता ओंकारबद्दल सांगायला हवं. ओंकार हा दौलतचा मुलगा. दौलत माझ्याबरोबर क्लबात खेळायचा, आता सोमेश्वरनगरला ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. बापासारखंच नाक, बापासारखीच वाकून पळायची ढब. पोरगं कोवळं, पण स्टिकला चेंडू असा चिकटायचा की बघत राहावं. आमच्या मॅनेजरना तो पुढं हवा होता. ते पुण्याहून आलेले, माणूस कामाचा. त्यांचं म्हणणं, “लोक गोल बघायला येतात. याला पुढंच ठेवा, नाव होऊ द्या.” माझं म्हणणं, एक हंगाम हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळू दे, चेंडू अडवायला शिकू दे, नाहीतर दोन वर्षांत संपेल. वाद पेटला. अर्थातच खुर्ची आली, ओंकार बसला, आम्ही दोघांनी आपापलं त्याच्या तोंडावर सांगितलं. मग आबा बोलू लागले.

“पोरगं गुनाचं हाय,” ते म्हणाले. “पर पास दिला की बगाय आलेल्या लोकांकडं बगत उभं ऱ्हातं. ती खोड मोडाय पायजे. आन सध्या ध्यान न्हाय त्याचं. लगीन ठरलंय ना. इंदापूरची पोरगी हाय, चांगल्या घरची. लगीन झालं की गडी ताळ्यावर येतो बगा.”

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. ओंकारचं कुठलं लग्न? तो कॉलेजात होता. इंदापूरची पोरगी म्हणजे ओंकारची आई. आबा दौलतबद्दल बोलत होते. ज्या हंगामात दौलतचं लग्न ठरलं होतं त्या हंगामातल्या दौलतबद्दल, तितक्याच कळकळीनं, समोरच्या पोराच्या डोळ्यांत बघून. मॅनेजर काही बोलणार तेवढ्यात ओंकारच बोलला.

“व्हय आबा,” तो म्हणाला. “ध्यान देतो. पास दिल्यावर बगत न्हाय उभा ऱ्हानार.”

“शाब्बास. आन कुठं ठिवायचं तुला?”

“तुमी म्हनाल तितं.”

“हाफला,” आबा म्हणाले. ओंकारनं उठून खुर्ची घडी केली आणि नीट भिंतीला लावली. मला त्या पोराचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर आबांच्या चुका वाढत गेल्या. सरावात एकाला हाक मारायची ती दुसऱ्याच्याच नावानं. एका सामन्यात त्यांनी भलत्याच पोराला बाहेर बोलावलं आणि आम्ही तो सामना हरलो. मग मालकांच्या ऑफिसात बैठक बसली. मालक, मॅनेजर आणि मी. मॅनेजर हळू आवाजात म्हणाले, “हंगामाच्या उद्घाटनाला आबांचा सत्कार ठेवू. शाल, श्रीफळ, फेटा. चार चांगले शब्द बोलू. आधी त्यांना काही सांगायला नको, उगाच वाईट वाटेल.” त्यांच्या मनात पाप नव्हतं. आपल्याकडं म्हातारी माणसं शाल घालूनच बाजूला करतात, आणि शाल खांद्यावर पडली की माणसाला हात जोडण्यापलीकडं काही करता येत नाही.

मी उठलो आणि ड्रेसिंग रूममधून खुर्ची आणली.

“संपतराव, हे काय आता?” मालक म्हणाले.

“आबांचं बोलतोय ना आपण,” मी म्हणालो आणि आबांना बोलवायला गेलो. आबा आले. खुर्ची बघून त्यांना बरं वाटलं. “कुनाचं हाय आज?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “तुमचं, आबा.” ते खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्या तोंडाकडं बघू लागले. बोलणं मलाच भाग होतं. ओंकारला दौलत समजून बोललात, हे सांगितलं. सामन्यातलं सांगितलं. सांगताना मी नजर वळवली नाही, कारण ते त्यांनीच शिकवलं होतं.

आबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, “व्हय. घरीबी चुकतंय माजं. सूनबाई बोलत न्हाय, पर मला कळतंय. बरोबर हाय तुमचं. काढा.” मग त्यांनी विचारलं, “काढलं ते कळलं. ठिवलं कुठं, ते सांगा.”

मालक गडबडीनं म्हणाले, “आबा, तुम्ही आमचे कायमचे मार्गदर्शक. तुम्हाला कधी येऊ नका म्हटलंय का? केव्हाही या.”

“ही जागा न्हवं, मालक,” आबा म्हणाले. आम्हा तिघांनाही काही सुचलं नाही. ते उठले, खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि गेले. सत्काराला त्यांनी नको म्हणून कळवलं.

पुढचा हंगाम आला. निवडीच्या दिवशी सकाळी आबांचा मुलगा त्यांना स्कूटरवर मागं बसवून घेऊन आला. म्हणाला, “काका, पहाटेपासनं बूट घालून दारात उभं हायत. निवड हाय, उशीर हुतोय, एवढंच म्हनत्यात. ऐकंनात.” आबांनी पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते. चेहरा वाळला होता. ते कुणाला ओळख न देता सरळ आत आले, भिंतीची खुर्ची काढली, मधोमध उघडली आणि तिच्यात स्वतः बसले. हात गुडघ्यांवर. मग माझ्याकडं बघून, आयुष्यात ज्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते त्या आवाजात म्हणाले, “मला भायेर थांब म्हनला हुता. लई वेळ झाला. माजं काय ठरलं, सायेब?”

मला सगळं कळलं. खोलीत मॅनेजर होते, ओंकार होता, त्याला सोडायला आलेला दौलत होता. मी आबांच्या समोर बसलो आणि म्हणालो, “बोला रे. एकेकानं बोला.”

दौलत म्हणाला, “पोरगं दमदार हाय, सायेब. शेवटपतोर पळतंय.” ओंकार म्हणाला, “पास लई सरळ देतो.” मग मॅनेजरही बोलले, त्यांचं मला विशेष वाटतं. ते म्हणाले, “उंची थोडी कमी आहे. पण खेळ छान वाचतो, चेंडू कुठं जाणार ते आधी कळतं याला.” आबा प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत मान हलवत होते. शेवटी मी बोललो. नुसतं कौतुक केलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता, आणि मलाही ते जमलं नसतं.

“डावी बाजू कच्ची आहे,” मी म्हणालो. “उलट्या स्टिकचा चेंडू सुटतो हातनं. मेहनत घ्यावी लागंल. आडनावाचा इथं काही संबंध नाही. आता तू बोल.”

आबांना मी तू म्हणालो ते तेवढंच एकदा.

“डावीचं खरं हाय,” आबा म्हणाले. “घेतो म्हेनत. पर घेताय का मला? आन ठिवताय कुठं?”

“सेंटर हाफ,” मी म्हणालो. “पहिल्या अकरात.”

आबा उठले. खुर्ची घडी करून त्यांनी भिंतीला लावली, तिला हलवून ती नीट टेकलीय ना ते पाहिलं आणि झपाझप बाहेर गेले. आम्ही मागोमाग दारापर्यंत गेलो. त्यांचा मुलगा स्कूटर सुरू करत होता. आबा त्याच्या मागं बसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बिगीनं चल बाबा. घरी बाप वाट बगत बसलाय. त्येला सांगाय पायजे.”