नेमसिंगची कळलावी

घाटंजीहून जंगलाच्या अंगानं गेलं की शेवटच्या टेकडीच्या पायथ्याशी एक तांडा होता. त्या तांड्यात नेमसिंग राठोड राहायचा. त्याच्या आजानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. नेमसिंगच्या वाट्याला मुरमाड जमीन, दोन बैल आणि भलताच दांडगा उत्साह आला. यातल्या जमिनीनं आणि बैलांनी त्याला कधी दगा दिला नाही. जे काही फसलं ते उत्साहापायी.

एकदा त्यानं नारळ लावला होता. यवतमाळच्या उन्हाळ्यात नारळ! तो जळून काडी झाला, तेव्हा नेमसिंग स्वतःच लोकांना बोलावून दाखवायचा, "या, पाहा. तांड्यातलं पह्यलं नारळाचं झाड. तोरनाच्या कामी येईन." मधमाश्या पाळायच्या म्हणून पोळं घरी आणलं, तर आठवडाभर एक डोळा मिटून हिंडावं लागलं. त्यावर त्याचं म्हणणं असं, की अर्धाच गाव दिसत असल्यामुळे तो आठवडा फार सुखाचा गेला. लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यावं, ही त्याची रीत होती.

कळलावीचं प्रकरण सुरू झालं ते रुपीबाईच्या गुडघ्यांमुळे. रुपीबाई ही तांड्याची सुईण. अर्धा तांडा तिच्या हातावर जगात आला होता, नेमसिंगही. बाई अडली की ती कळलावीची मुळी उगाळून तिचा लेप पोटावर लावायची, आणि मूल झालं रे झालं की तो लगेच धुऊन टाकायची. ही मुळी पोटात गेली तर माणूस मरतो, म्हणून ती दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसे. पण मुळी मिळायची टेकडीवरच्या झुडपांत, आणि आता टेकडी चढताना तिचे गुडघे बोलायला लागले होते.

"या पावसाळ्यात काही मले वर जाणं होत नाई," पारावर टेकत ती एक दिवस म्हणाली.

चार माणसं बसली होती. नेमसिंगही होता. चार माणसांत गप्प बसणं त्याला कधी जमलंच नाही.

"जंगलात कायले जाते काकी? माह्या धुऱ्यावर लावून देतो ना!"

"ते वांगं नोहे नेमसिंग."

"वांगं तरी कुठं येते माह्या हातानं?" तो म्हणाला. सगळे हसले. पण शब्द तोंडातून गेला होता.

घरी बायकोनं, सुखीबाईनं, हे ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. कळलावी घराजवळ लावली की घरात भांडणं लागतात, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"लालीचे बाबा," ती म्हणाली, "आपल्या घरात कळ लावायले तुमी एकटे पुरे हाये. झाड कायले पाह्यजे?"

नेमसिंगला हे इतकं पटलं की त्यानं ते दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन सांगितलं.

सुखीबाईच्या समाधानासाठी त्यानं घर सोडून शेताचा धुरा, म्हणजे बांध, धरला. धुऱ्याच्या या बाजूला त्याचं शेत, त्या बाजूला फुलसिंगचं. रुपीबाईनं खुणा सांगितल्या, तशी त्यानं टेकडीवरून मुळी शोधून आणली. लहान मुलानं खेळातला नांगर करावा तशी ती होती, दोन फाट्यांची, पांढुरकी. हात लावला की हात धू, तोंडाशी नेऊ नको, पोरांच्या हाती पडू देऊ नको, असं तिनं बजावलं. ते सगळं त्यानं पाळलं. एक गोष्ट तिनं बजावली नाही, कारण ती कोणाला सांगावी लागत नाही. नेमसिंग रोज सकाळी जाऊन माती बाजूला सारायचा आणि कोंब आला का ते पाहायचा.

मुळीचं टोक नाजूक असतं, आणि कोंब फुटतो तो तिथूनच. चौथ्या-पाचव्या पाहणीत ते टोक त्याच्या बोटाखाली कट्‌कन तुटलं.

रुपीबाईनं तुटकी मुळी उलटीपालटी करून पाहिली. "पेरलेलं रोज उकरून कोन पाह्यते माईत हाये? कोंबडी."

त्या वर्षी तांड्यात त्याला कोंबडी हे नाव पडलं. कोणी हाक मारली की तो मान वाकडी करून 'कुक्‌' म्हणायचा, त्यामुळे चिडवणाऱ्यांची मजाच गेली.

दुसऱ्या पावसाळ्यात त्यानं उकरलं नाही. त्यानं पाणी घातलं. पाऊस पडत असताना घातलं, कारण पावसावर त्याचा भरवसा नव्हता. मुळी सडून तिचा चिखल झाला. "तहानेनं मरू नाई दिली," असं म्हणून त्यानं स्वतःचं समाधान केलं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे साठ साली, त्यानं मुळी धुऱ्याच्या मुरमाड चढावर पुरली आणि लगेच हिवतापानं अंथरूण धरलं. चांगले वीस-बावीस दिवस त्याला तिकडं फिरकताच आलं नाही. उठला, काठी टेकत धुऱ्यावर गेला, तर वेल वीतभर वर आलेला! प्रत्येक पानाचं टोक वळून वळून गवताच्या काडीला धरत होतं. नेमसिंग मटकन खाली बसला. त्याला आनंद झाला आणि थोडा अपमानही वाटला.

"मी बिमार पडलो म्हनून जगलं ते," तो सुखीबाईला म्हणाला. "माह्या हाताखाली असतं तर गेलंच होतं."

मग त्यानं वेलाला जुन्या पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, आधार दिला, भोवती काटे रोवले. भादव्यात पहिलं फूल आलं. ते हिरवट होतं, खाली मान घातलेलं. नेमसिंगचं तोंड उतरलं. याच्यापेक्षा दोडक्याचं फूल बरं, असं त्याला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या पाकळ्या उलट्या वर वळल्या, पिवळ्या झाल्या, मग कडांनी लाल होत गेल्या. आठवडाभरात धुऱ्यावर जणू चूल पेटली. निंदणाला जाणाऱ्या बाया थांबून पाहायच्या. घाटंजीच्या बाजाराला जाणारे वाट वाकडी करून यायचे. नेमसिंग पागोटं नीट बांधून तिथं उभा राहायचा आणि, जणू प्रत्येक पाकळी आपणच रंगवली, अशा थाटात सांगायचा, "आज हे लाल झालं, उद्या ते होईन."

दिवाळी झाली आणि वेल पिवळा पडायला लागला. नेमसिंगनं पाणी घातलं, शेणखत घातलं. वेल वाळतच गेला. एका सकाळी पाहतो तर उभा वेल कोळपून पऱ्हाटीवर लोंबतोय. त्याच वेळी धुऱ्याच्या पलीकडं फुलसिंगची बायको मानीबाई शेतातल्या झोपडीपुढं भात शिजवून उरलेलं पाणी ओतत होती. त्यातून वाफ निघत होती.

झालं. नेमसिंगच्या डोक्यात लखकन वीज चमकली, आणि ती नेहमीप्रमाणे चुकीच्या झाडावर पडली.

"माह्यं झाड जाळलं तुमी!" तो ओरडला. "काहून जाळलं? लोक माह्या धुऱ्यावर येते म्हनून पोटात दुखे तुमच्या!"

"तुह्या झाडाले कोन पुसते?" फुलसिंग झोपडीतून बाहेर आला. "मीच सांगतो येनाऱ्या लोकांले, की बाबा, माह्या शेतातून वाट पाडू नका!"

शब्दाला शब्द लागला. मानीबाई रडली. प्रकरण तांड्याच्या नायकापुढं, किसनसिंगपुढं गेलं. सगळा तांडा धुऱ्यावर जमला. नेमसिंगनं वाळका वेल दोन्ही हातांत धरला आणि बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं खपलो, एक मुळी मोडली, एक कुजवली, आता कुठं हे एक जगलं होतं, असं तो सांगत राहिला. दोन-तीन बायांनी पदर डोळ्यांना लावले. किसनसिंगही गंभीर झाला.

तेवढ्यात गुडघे धरत रुपीबाई येऊन पोचली. "काय झालं?"

"कळलावी मारली माही, काकी."

रुपीबाईनं वेल पाहिला, नेमसिंगकडं पाहिलं, आणि कोणाचं तरी खुरपं घेऊन खाली बसली. हलक्या हातानं तिनं माती सारली. आत दोन जाड, पांढऱ्या शुभ्र मुळ्या होत्या, पुरलेल्या मुळीपेक्षा दुप्पट.

"मेलं नाई रे बाबा. झोपलं," ती म्हणाली. "हिवाळा आला की ते दरसाली झोपते. पानी पडलं की उठते. तुले कोनी सांगतलं नाई?"

"तू कुठं सांगतलं?"

"टेकडीवर जनमभर फिरला. कधी उन्हाळ्यात पाह्यलं होतं याचं फूल?"

नेमसिंगनं आठवून पाहिलं. नव्हतं पाहिलं. आधी किसनसिंगच्या मिशा हलल्या, मग तांडा असा हसला की बगळे उडाले. मघाशी पदर लावणाऱ्या बाया आता हसूनच डोळे पुसत होत्या. हातात वाळका वेल धरून नेमसिंग उभा होता. त्याला स्वतःचं ध्यान बाहेरून दिसलं, पागोट्यासकट, आणि मग तोही हसत सुटला. फक्त मानीबाई हसली नाही. ती उठून घरी गेली.

नेमसिंगनं तिच्या दारी जाऊन चूक झाली म्हणून हात जोडले. तिनं दार लोटून घेतलं. फुलसिंग बैलांवरून बोलायचा, पावसावरून बोलायचा, पण मानीबाईनं त्या घरच्या कोणाशी शब्द टाकला तर शपथ. नेमसिंग लोकांना हसवत राहिला, पण विहिरीवर ती दिसली की त्याची मस्करी जिभेवरच विरायची.

चैतात भर दुपारी फुलसिंगचा लहान भाऊ उत्तमसिंग धावत आला. फुलसिंगची सून सकाळपासून अडली होती आणि रुपीबाईनं मुळी मागवली होती. नेमसिंग कुदळ घेऊन धुऱ्यावर पळाला. टोक न मोडता त्यानं मुळी काढली, फडक्यात गुंडाळली आणि पळत सुटला. फुलसिंगच्या अंगणात पाय घातला, तोच आतून टॅहॅ ऐकू आलं.

रुपीबाई हात पुसत बाहेर आली. "पोरगी झाली. दोघी मायलेकी धड हाये."

"अन् हे?" नेमसिंगनं फडकं पुढं केलं.

"तुह्यी वाट पाहून कंटाळली ती. आलीच," रुपीबाई म्हणाली. "जा, परत पुर."

तो वळला, तर दारात मानीबाई उभी. तिनं त्याच्या हातातलं फडकं पाहिलं, त्याच्या उघड्या पायांना टोचलेले काटे पाहिले. आत गेली आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर आली.

"हात धुवा पह्यले," ती म्हणाली. "इख हाये ते."

नेमसिंगनं हात धुतले आणि गूळ खाल्ला. घरी येताना त्याला एकही विनोद सुचला नाही. सुखीबाईला वाटलं, ऊन लागलं असावं.

पुढं धुऱ्यावर कळलावीची ओळच लागली. आजूबाजूच्या तांड्यांतल्या सुईणी मुळी न्यायला यायच्या. पोटात घ्यायला म्हणून कोणी मागितली तर नेमसिंग हाकलून द्यायचा. पण तोवर रुपीबाईला दिसेनासं झालं होतं. भादव्यात नेमसिंग तिला हाताला धरून धुऱ्यावर आणून बसवायचा.

"सांग," ती म्हणायची.

"हे हिरवं हाये अजून. हे पिवळं. हे बुडापासून लाल झालं."

"बुडापासून नाई होत ते. कडेनं होते."

नेमसिंग वाकून पुन्हा पाहायचा.

"कडेनंच झालं, काकी."

"हां. आता पुढचं सांग."